इनेझचं जे जिवंत आहे

सांडोर, ८ जून २०२५

ग्लेन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते उघडणार नाहीस, म्हणून पत्ता शेजारच्या सुशीलाकडून लिहून घेतला आहे. इथपर्यंत वाचलंस तर पुढचंही वाच. फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाईलवर पाठवलेल्या निरोपाला एकच खूण येते, दुसरी येत नाही. म्हणजे तू मला बंद केलं आहेस, असं सुशीलाची मुलगी म्हणाली. कागद तरी बंद करता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. वाडीत या वर्षी केळी बऱ्या आहेत. इनेझच्या दुकानाची चावी मी तुझ्या बहिणीकडे दिली. काचेत उभा होता तो पांढरा गाऊन त्या नवरीच्या घरचे घेऊन गेले. त्यांनी दुसरीकडून पुरा करून घेतला म्हणे. लेस मात्र इनेझनेच लावलेली होती. मी ठीक आहे. जेवते, झोपते.

मी भांडायला लिहीत नाही. तिला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर अंगणात सगळ्यांच्या देखत तू, माझा जावई, जे बोललास, त्याबद्दल लिहिते आहे. तू म्हणालास, "मम्मी, तुम्ही तिला तूप आणि नारळाचं दूध पाजून मारलंत. मी वाचलंय. कॅन्सर चरबी खातो." फादर हातात चहाचा कप घेऊन उभे होते. माझी बहीण समोसे वाटत होती, ती थांबली. आयुष्यभर वर्गात बोलले, पण त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. मग तू कॅनडाला गेलास आणि उत्तर द्यायला समोर कुणी उरलंच नाही.

तुझ्यावर राग नाही असं म्हणणार नाही. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी आहे. केमोनंतर तिला काही जायचं नाही. तोंड आलेलं. तूच मला म्हणाला होतास, "मम्मी, काहीही करा पण तिच्या पोटात काहीतरी जाऊ दे." मी मऊ भात करायचे, त्यावर तूप. कोंबडीचं पाणी नारळाच्या दुधात. सुकेळी दुधात कुस्करून. ती म्हणायची, "मम्मी, तू मला ख्रिसमसच्या बदकासारखी पोसतेस." आणि खायची. तिच्या हाडांवर जरा मांस दिसलं की मला बरं वाटायचं. नंतर आजार पुन्हा पोटभर पसरला.

म्हणून मला विचारायचं आहे, तू ते कुठे वाचलंस? मी मोबाईलवर शोधलं. इंग्रजी सगळं कळलं नाही. पण चरबी आणि कॅन्सर हे दोन शब्द पुन्हा पुन्हा शेजारी शेजारी दिसत होते, एवढं कळलं.

हॉस्पिटलात एक मुलगी यायची, आठवते? ऋतिका. चष्मेवाली, चंदनसारला राहणारी. तिने इनेझच्या पोटातून काढलेलं पाणी संशोधनासाठी मागितलं होतं. तिचा नंबर इनेझच्या फोनमध्ये सापडला. तिला मी बोलावणार आहे. ती काय सांगेल ते तुला कळवीन, चांगलं असो वा वाईट.

आग्नेस मम्मी


सांडोर, २९ जून

ग्लेन,

ऋतिका आज येऊन गेली. स्कूटरवरून आली, चंदनसारहून, रविवारची सुट्टी मोडून. पडवीत बसली. लिंबाचं सरबत दिलं. तिची सगळी गडबड चष्मा पुसण्यात चालली होती, म्हणजे तीही घाबरली होती. मी सरळच विचारलं, "मी इनेझला तूप खाऊ घातलं. नारळाचं दूध पाजलं. त्याने तिचा आजार वाढला का?"

ती लगेच "नाही" म्हणाली नाही.

म्हणाली, "आंटी, आधी त्या पेशी काय आहेत ते सांगते. कॅन्सरच्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बऱ्याचशा केमोने मरतात. म्हणून तर पहिल्या वेळी इनेझताईंचे रिपोर्ट चांगले आले होते. पण थोड्या असतात, मुळासारख्या. मूळपेशी म्हणतो आम्ही. त्या दबून बसतात आणि औषध थांबलं की सगळा आजार पुन्हा उभा करतात." मग वाडीकडे हात केला. "ती केळ कापलीत तरी खालचा गड्डा राहतो ना, तसं."

"आणि चरबी?"

"त्या पेशी चरबी साठवतात. अगदी बारीक थेंब थेंब, पेशीच्या आत. पावसाळ्याआधी आपण घरात भरून ठेवतो तसं. केमोचा मारा सुरू झाला, खायला मिळेनासं झालं, की ते थेंब जाळून जगतात."

मी विचारलं, "ते थेंब माझ्या तुपाचे?"

"थेट तसे नाहीत. ती चरबी त्या स्वतःच तयार करतात, साखरेपासूनसुद्धा. शिवाय आपल्या पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. बारीक माणसाच्याही असतो. इनेझताईंचा आजार अंडाशयातून उठून नेमका तिथे जाऊन बसतो आणि शेजारच्या चरबीवर हात मारतो. तुम्ही त्यांना उपाशी ठेवलं असतं तर आधी इनेझताई संपल्या असत्या. त्या पेशी नाही."

"म्हणजे माझा दोष नाही."

"मला तसं वाटतं."

"वाटतं?"

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आंटी, माणूस काय खातो आणि त्या पेशी त्याचं काय करतात, याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही. तुम्ही टीचर आहात, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण वाटीभर तुपाने इनेझताई गेल्या असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्यासमोर उभा करा."

तो माणूस कॅनडात आहे, असं मी तिला सांगितलं नाही.

ग्लेन, मी तुला तिचे शब्द होते तसे लिहिले. "दोष नाही" एवढंच लिहून पाठवता आलं असतं. पण मग ते "वाटतं" माझ्या एकटीजवळ राहिलं असतं. ते आता तुझ्याकडेही असू दे.

ती उठली. स्कूटरपर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "आंटी, एक गोष्ट तुम्हाला माहीत आहे की नाही मला कळत नाहीये. त्या पाण्यातून ज्या पेशी आम्ही वेगळ्या काढल्या, त्या आमच्याकडे आहेत. म्हणजे वाढतायत. जिवंत आहेत."

मी विचारलं, "कुणाच्या?"

म्हणाली, "इनेझताईंच्या."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ पडवीतच बसले. सरबताच्या ग्लासला मुंग्या लागल्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आपण तिला पुरलं. तू पहिली मूठ माती टाकलीस, मी दुसरी. त्या दिवशी आपण सगळी इनेझ पुरली, असं मला वाटत होतं.

आग्नेस मम्मी


सांडोर, २० जुलै

ग्लेन,

मी जाऊन पाहून आले. ऋतिकाच्या सरांनी परवानगी दिली. प्रयोगशाळा नव्या मुंबईत आहे, ऋतिका मला स्वतः घेऊन गेली. अंगावर पांढरा कोट घालायला दिला, पायांत पिशव्या, हातांत मोजे. मला वाटलं आत औषधांचा वास असेल. काहीच वास नव्हता. एसीचा आवाज तेवढा.

एक कपाट आहे, फ्रिजसारखं दिसतं, पण आत ऊब असते. दारावर आकडा होता, सदतीस. मी म्हणाले, "हे आपल्या अंगाचं तापमान." ती म्हणाली, "हो, त्यांना तेवढंच लागतं." तिने दार उघडलं तेव्हा उबदार, ओलसर हवा माझ्या तोंडावर आली. ग्लेन, तापलेल्या पोराच्या खोलीत शिरल्यासारखं झालं. मी मागे सरकले.

चपट्या काचेसारख्या डबीत गुलाबी पाणी होतं. बाकी काही दिसेना. मी विचारलं, "तिला खायला काय घालता?" ऋतिकाने माझ्याकडे पाहिलं, मग नेहमीसारखं बोलली. "साखर, क्षार, थोडी जीवनसत्त्वं. वासराच्या रक्तातला एक द्रव. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलतो." मी म्हणाले, "वेळेवर बदलता ना?" म्हणाली, "माझी पाळी चुकली तर दुसरं कुणीतरी बदलतं." मला बरं वाटलं. हे कसलं बरं वाटणं, ते विचारू नकोस.

मग यंत्राखाली दाखवलं. चरबीला चिकटणारा एक हिरवा रंग त्यांनी पाण्यात घातला होता. पडद्यावर अंधार, आणि त्या अंधारात गोल गोल पुंजके, आणि प्रत्येकात हिरवे ठिपके. सुईच्या टोकाएवढे, पण नुसते पेटलेले. ऋतिका म्हणाली, "हे ज्यांच्यात जास्त आहेत, त्या सगळ्यात चिवट." मी म्हणाले, "चिवट तर ती होतीच." ऋतिका हसली आणि मग तिला वाटलं आपण हसायला नको होतं.

नऊ वर्षं तुम्ही मुलाची वाट पाहिलीत. मी नवस बोलले, नऊ-नऊ दिवसांचे नोव्हेना केले, तुम्ही दोघं किती दवाखाने फिरलात ते मला माहीत आहे. तिच्या अंगातून दुसरं काही वाढलं नाही. हे वाढलं. आणि ती गेल्यावरही वाढतंच आहे. माझ्या मनात काय आलं असेल ते तुला कळेल. फादरनाही मी हे सांगितलेलं नाही.

पाहून आले, झालं. पुन्हा जायचं नाही असं ठरवलं आहे.

आग्नेस मम्मी


सांडोर, ८ सप्टेंबर

ग्लेन,

आज मरियेचा जन्मदिन. मिस्साला जाऊन आले आणि लिहायला बसले, कारण चर्चमध्ये बसून माझ्या मनात तुझ्याबद्दल जे येत होतं ते तिथे शोभणारं नव्हतं.

आधी माझं. मागच्या पत्रात लिहिलं की पुन्हा जाणार नाही. मी दर शुक्रवारी जाते आहे. सुशीलाला सांगते की दाताच्या डॉक्टरकडे जाते. तिने परवा विचारलं, "टीचर, तुमच्या तोंडात दात आहेत तरी किती?" तिथे जाऊन मी काही करत नाही. खुर्ची देतात, बसते. पाणी बदलताना बघते. हिरवे ठिपके बघते. एका शुक्रवारी ऋतिका नव्हती, तर दुसऱ्या मुलाला मी म्हणाले, "जरा जपून, डबी हलवू नकोस." तो माझ्याकडे बघतच राहिला.

आणि जेवते म्हणून लिहिलं तेही खरं नाही. तू गेल्यापासून मी तेल-तूप घरात आणलेलं नाही. नारळ पडतात ते सुशीला उचलून नेते. भात, मीठ, उकडलेली भाजी. तव्यावर काही टाकलं आणि वास आला की मला मळमळतं. गेल्या महिन्यात वाडीत चक्कर येऊन पडले. सुशीलाने आणि तिच्या घरच्या भावेशने उचलून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, वजन फार उतरलंय. ऋतिकाला कळलं तेव्हा ती इतकी रागावली की इंग्रजीत बोलायला लागली. मग मराठीत म्हणाली, "आंटी, तुम्ही न खाऊन कुणाला उपाशी ठेवताय? त्यांना तर आम्ही रोज खायला घालतोय." आता सुशीला समोर बसून मला जेवायला लावते. आमटीला फोडणी असते. मी गिळते.

आता तुझं.

परवा ऋतिकाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू त्यांना मेल केला आहेस. इनेझच्या पेशी नष्ट करा म्हणून. ते मेल मे महिन्यातच आलं होतं. म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. इनेझने स्वतः संमती दिली होती, पण नवऱ्याची लेखी हरकत आली की त्यांची समिती काम थांबवते. म्हणून इतके महिने त्या पेशींना नुसतं जगवत ठेवलं आहे. मला वाटत होतं ते लोक त्या सांभाळत आहेत. ते वाट बघत होते, तुझ्या एका होकाराची किंवा नकाराची.

मी इतकी चिडले की कोट काढून निघालेच. "नष्ट करा." हा शब्द तुला लिहवला कसा? तिच्या अंगावरचा रुमालसुद्धा मी टाकलेला नाही.

ऋतिका मागे जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "आंटी, तुम्हाला अर्धंच सांगितलं. आम्हाला त्या नुसत्या जगवायच्याही नाहीत. एक औषध आहे, पेशीला ती चरबी तयारच करू देत नाही. एकट्या औषधाने त्या मरत नाहीत, एकट्या केमोनेही नाही. दोन्ही बरोबर दिलं तर दुसऱ्या काही पेशींवर फरक दिसला. इनेझताईंच्या सगळ्यात चिवट आहेत. यांच्यावर करून बघायचंय."

मी म्हणाले, "नको. पुन्हा औषध नको. तिने खूप सोसलं."

"आंटी, त्या इनेझताई नाहीत."

"मग कोण आहेत?"

ती हळूच म्हणाली, "त्यांनीच इनेझताईंना मारलं."

हे मला माहीत नाही का, ग्लेन? माहीत आहे. ज्याने माझी मुलगी खाल्ली त्याला मी शुक्रवारी शुक्रवारी भेटायला जाते. आणि तरीसुद्धा ते तिच्याच रक्तामांसाचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. तू म्हणतोस टाकून द्या. मी म्हणते राहू द्या. ऋतिका म्हणते मारू द्या, पण शिकत शिकत. आपल्या तिघांत वेडं कोण, ते मला ठरवता येत नाही.

आग्नेस


सांडोर, ५ ऑक्टोबर

ग्लेन,

मागचं पत्र रागात टाकलं. फाडून टाकलं असेलस तर हे वाच.

मी ऋतिकाला माझ्याकडून हो म्हटलं आहे. का, ते सांगते. शुक्रवारी प्रयोगशाळेच्या खाली, झाडाजवळच्या बाकावर एक बाई बसली होती. डोक्याला ओढणी, कपाळावर भुवया नाहीत. तिच्या पोटातलं पाणी द्यायला आणलं होतं तिला. शेजारी नवरा डबा उघडून बसलेला. तो म्हणत होता, "एक घास." ती म्हणत होती, "नको." तो पुन्हा, "एकच घास." मी तिथून हलूच शकले नाही. तिने मला विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?" मी म्हणाले, "मुलगी." ती म्हणाली, "बरी आहे का?"

काय सांगणार होते मी? म्हणाले, "वर आहे."

मग ऋतिकाला विचारलं, इनेझने पाणी दिलं तेव्हा ती नक्की काय बोलली होती? तू औषधं आणायला खाली गेला होतास आणि मी बाहेर बसले होते, आपल्यापैकी कुणीच ते ऐकलं नाही. ऋतिका म्हणाली, ती हसत होती. म्हणाली होती, "घेऊन जा सगळं. माझ्याच्याने त्या हरल्या नाहीत. तुमच्याकडे तरी कुणीतरी हरवा त्यांना."

यावर मी काही जोडत नाही. समिती तुझ्या उत्तरासाठी थांबली आहे. तू नाही म्हणालास तर ते त्या पेशी टाकून देतील आणि मी तुला त्यासाठी बोल लावणार नाही. तुझा हक्क माझ्यापेक्षा कमी नाही. पण तिचाही होता.

आग्नेस मम्मी


सांडोर, ३ नोव्हेंबर

प्रिय ग्लेन,

काल फोनवर आपण बोललो, तरी हे लिहिते आहे, कारण एक गोष्ट फोनवर सांगितली नाही.

तू हरकत मागे घेतलीस हे मला ऋतिकाकडूनच कळलं. एका ओळीचं मेल होतं म्हणाली, खाली नावसुद्धा नव्हतं. मी तुला लगेच लिहायला घेतलं होतं, पण आभार मानावेत तर ते कशाचे, हे कळेना. म्हणून ठेवून दिलं.

काल मृतात्म्यांचा दिवस. संध्याकाळी सगळं सांडोर दफनभूमीत होतं, तुला माहीत आहे कसं असतं, फुलं, मेणबत्त्या, पोरांची धावपळ. मी इनेझच्या कबरीवर झेंडू घातले. फादर आशीर्वाद देत एकेका रांगेतून येत होते. "हे प्रभू, तिला चिरशांती दे." सगळे आमेन म्हणाले. माझी जीभ उचलेना. मी शुक्रवारी जे पाहिलं होतं त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणणार होते? तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. तुझं नाव बघून मला वाटलं चुकून लागला असेल.

तू म्हणालास, "मम्मी, फोन तिच्याजवळ धरा." मी वाकून धरला. तू काय बोललास ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतं. मग पुन्हा कानाला लावला तर तू नुसता श्वास घेत होतास. तुझ्याकडे पहाट असेल. मग विचारलंस, "मम्मी, औषध घातलं तेव्हा… त्यांना दुखलं का?"

मी म्हणाले, "नाही रे. त्यांना नसा नसतात. मी विचारून घेतलं होतं."

"नक्की ना?"

"नक्की."

आणि तू रडलास. इनेझ गेली तेव्हाही मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. तू म्हणालास, "अंगणात बोललो ते…" आणि पुढे बोलवेना. मी म्हणाले, "राहू दे, ग्लेन." खरंच राहू दे. तूसुद्धा कुणावर तरी चिडायला हवंच होतं. मी जवळ होते.

आता राहिलेली गोष्ट.

शुक्रवारी ऋतिकाने मला यंत्राजवळ बसवलं. आधी ती डबी दाखवली जिच्यात नुसतं केमो घातलं होतं. हिरवे ठिपके होते तसेच पेटलेले, उलट वाढलेले. मग दुसरी, जिच्यात दोन्ही औषधं होती. पडद्यावर आधी मला काही दिसेना. हिरवं जवळजवळ नव्हतंच. त्याऐवजी लाल डाग. मेलेल्या पेशींना तो लाल रंग धरतो, असं ऋतिकाने सांगून ठेवलं होतं. एवढाले पुंजके, उसवल्यासारखे, फुटून इकडे तिकडे पसरलेले. ऋतिका तोच पडदा पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होती. आनंदाने.

मला वाटलं होतं मी रडेन. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मरा."

सगळे वळून बघायला लागले. ग्लेन, हा शब्द मी आयुष्यात कुणाला उद्देशून उच्चारला नाही. वर्गातल्या द्वाड पोरांनाही नाही, सापालाही नाही. मी तो पुन्हा म्हणाले. तिचे केस उशीवर पडलेले मला दिसत होते, बाथरूमच्या दारात ती भिंत धरून उभी राहायची ते दिसत होतं. मी म्हणतच राहिले, शेवटी ऋतिकाने माझे खांदे धरून मला खाली बसवलं.

पाणी प्यायले. मग ऋतिकाचे सर आले, त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हे डबीतलं आहे. माणसापर्यंत जायला पुष्कळ अवकाश आहे. लिव्हरलाही चरबीचं काम लागतं, हृदयालाही लागतं, त्यांना धक्का न लावता हे कसं द्यायचं ते अजून कळलेलं नाही." मी मान हलवली. बाकावरच्या त्या बाईपर्यंत हे पोचणार नाही, एवढं मला समजलं. कदाचित तिच्यानंतरच्या कुणापर्यंत पोचेल.

ते गेल्यावर ऋतिकाने डबी थोडी सरकवली. म्हणाली, "आंटी, सगळ्या नाही गेल्या. हे बघा, कडेला." पडद्याच्या कोपऱ्यात, सगळ्या लालमध्ये, एक छोटा पुंजका होता. चार-दोन पेशी असतील. त्यांच्यात हिरवे ठिपके होते, बारीक, पण पेटलेले. ऋतिकाचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "या कशाच्या जोरावर राहिल्या ते शोधायला हवं."

आणि मला बरं वाटलं.

हे मी फोनवर सांगू शकले नाही. आत्ताच ज्यांना मरा म्हणाले होते, त्या थोड्या उरल्या म्हणून माझ्या छातीतलं काहीतरी सुटलं. मी पडद्याला हात लावायला गेले. ऋतिकाने पाहिलं आणि तिने मला अडवलं नाही. काचेवर माझ्या बोटाचा ठसा उमटला, तो मीच रुमालाने पुसला.

फादरकडे पापनिवेदनाला जाईन तेव्हा यातलं पाप कोणतं म्हणून सांगू? मरा म्हणाले ते, की त्या राहिल्या म्हणून सुखावले ते?

त्या उरलेल्या पेशी आता वेगळ्या काढून वाढवणार आहेत. डिसेंबरच्या शेवटी त्यांच्यावर औषध वाढवून पुन्हा प्रयोग आहे. ऋतिकाने विचारलं, "आंटी, याल का? नाही आलात तरी चालेल." मी येते म्हणाले. पण मागच्या वेळी मी एकटीने पाहिलं, आता एकटीच्याने ते व्हायचं नाही. नाताळची सुट्टी तुला मिळते. आतली खोली तयार करून ठेवते.

ये. तिच्या शेजारी आपण दोघं बसू.

आग्नेस मम्मी